टीएफएम ७६ असला म्हणून साबण कोरड्या त्वचेचा होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतल्या साबण-निवडीवरच्या लेखात ‘ग्रेड १ चा साबण घ्या, तो कोरड्या त्वचेलाही चालतो’ असा सल्ला होता. त्यातला अर्धाच बरोबर आहे. टीएफएम म्हणजे वडीतल्या एकूण मेदाम्लांचं प्रमाण. भारतीय मानक आयएस २८८८ नुसार टॉयलेट सोपमध्ये ते ग्रेड १ ला किमान ७६ टक्के, ग्रेड २ ला ७० आणि ग्रेड ३ ला ६० असावं लागतं. ‘बेदिंग बार’ नावाने विकल्या जाणाऱ्या वडीचं मानक वेगळं, तिथे ४० टक्क्यांवर भागतं. उरलेल्या जागेत पाणी, मीठ, टाल्क, कधी सोडियम सिलिकेट. म्हणून कमी टीएफएमची वडी साबणदाणीत पडल्या पडल्या लिबलिबीत होते आणि महिन्याच्या आत संपते. पैशाचं मोल कळायला हा आकडा उत्तम. पण वडीत मेदाम्लं किती हे तो सांगतो, कोणती ते सांगत नाही, आणि त्वचेचा प्रश्न नेमका ‘कोणती’ हाच आहे.

वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. बहुतेक साबणांत पहिलं नाव सोडियम पामेट असतं, म्हणजे पामतेलाचा साबण. (आयात केलेल्या काही वड्यांवर त्याजागी सोडियम टॅलोएट दिसतं. ती जनावराची चरबी. त्वचेच्या दृष्टीने फार फरक नाही, पण ज्यांना चालत नाही त्यांनी पाहून घ्यावं.) दुसरं नाव सोडियम पाम कर्नेलेट किंवा सोडियम कोकोएट. पामेट आणि पाम कर्नेलेट ही नावं सारखी वाटतात, पण ती तेलं एकाच फळातली असूनही स्वभावाने निराळी आहेत. पामतेल निघतं गरातून. त्यात पामिटिक आणि ओलेइक आम्लं मुख्य, त्यांचा साबण घट्ट, बेताच्या फेसाचा, त्वचेला तुलनेने सौम्य. पाम कर्नेल तेल बियांतलं. ते खोबरेलाचं जुळं भावंडच म्हणा, दोन्हींत लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मं. लॉरिकचा साबण चटकन विरघळतो, भरघोस फेस देतो आणि त्वचेवरचं तेल खरवडून नेतो. कारखान्यात या दोन गटांचं प्रमाण साधारण ८०:२० धरतात. लॉरिक वाढवलं की फेस वाढतो आणि कोरडेपणाही. टीएफएम मात्र दोन्ही वड्यांचा ७६ असू शकतो!

म्हणूनच ‘शुद्ध खोबरेल तेलाचा, कोरड्या त्वचेसाठी’ म्हणून प्रदर्शनांत विकल्या जाणाऱ्या, हाताने बनवलेल्या साबणांबद्दल सावध राहावं. ५०० ग्रॅम खोबरेलाचं पूर्ण साबणात रूपांतर व्हायला सुमारे ९२ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. नेहमीच्या पद्धतीने ५ टक्के तेल साबण न होता मोकळं राहील असा हिशेब केला तर ८७ ग्रॅम. इतर तेलांना ५ टक्के पुरतात, पण निव्वळ खोबरेलाची अशी वडी अंग ताणून धरते. निव्वळ खोबरेलच वापरायचं तर २० टक्के तेल मोकळं ठेवावं, म्हणजे सोडा ७३ ग्रॅमच्या आसपास. शिवाय वडी चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्यावी. घाईने विकलेली ओलसर वडी भराभर झिजते, आणि सोड्याचं वजन चुकलेलं असेल तर सरळ झोंबते. विक्रेत्याला हे दोन प्रश्न विचारावेत: तेल किती टक्के मोकळं ठेवलं आणि वडी कधी ओतली? ज्याला उत्तर येत नाही त्याची वडी भांड्यांना वापरावी.

आता पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा (७ मध्यम, त्याखाली आम्ल, वर अल्क). निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधारण ४.५ ते ५.५. कोणत्याही खऱ्या साबणाचा फेस ९ ते १० च्या घरात जातो, कारण साबण हाच मुळी सौम्य आम्ल आणि तीव्र अल्क यांचा क्षार. त्याचा पीएच ५.५ वर आणायला गेलात तर तो फुटून पुन्हा मेदाम्ल होईल आणि फेसच येणार नाही. तेव्हा ज्या वडीवर ‘पीएच ५.५’ लिहिलंय ती साबण नाही, सिंडेट (सिंथेटिक डिटर्जंटची वडी) आहे. तिच्या यादीत पहिल्या एक-दोन नावांत सोडियम कोकोइल आयसेथिओनेट किंवा सोडियम लॉरॉइल आयसेथिओनेट आणि त्यामागे स्टिअरिक आम्ल असतं. अशा वडीला टीएफएमची फुटपट्टी लावणंच चूक. इसब असलेल्या, फार कोरड्या किंवा चटकन लाल होणाऱ्या त्वचेला, लहान मुलांना आणि साठीपुढच्या माणसांना हीच बरी. काही वड्या मिश्र असतात: पुढे ‘सौम्य’, मागे सोडियम पामेट पहिलं आणि आयसेथिओनेट सहावं. त्यांचा पीएच साबणाचाच. ‘बेबी’ लिहिलेल्या कित्येक वड्याही साधे साबणच असतात. शंका आली तर पीएच पट्टी ओल्या फेसाला लावून पाहावी. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात पट्ट्या मिळतात, आणि त्यांचा रंग जाहिरात वाचत नाही.

सिंडेटचे तोटेही आहेत. महाग असते, पाण्यात राहिली तर लगदा होतो (जाळीची साबणदाणी हवीच), आणि धुतल्यावर अंग बुळबुळीत वाटतं म्हणून लोक अधिक घासतात. उलट बोअरचं जड पाणी असलेल्या गावांत तिचा मोठा फायदा. साध्या साबणाची मेदाम्लं पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून न विरघळणारा साका करतात. बादलीच्या कडेला दिसतो तोच साका अंगावरही बसतो आणि खाज सुटते. दोष साबणाच्या ‘रसायनांना’ दिला जातो, असतो पाण्याचा.

तेलकट त्वचेच्या वड्यांवर सर्वाधिक थापा असतात. सॅलिसिलिक आम्ल साबणात घातलं की ९-१० पीएचला त्याचा जवळजवळ पूर्ण क्षार होतो, रंध्रं मोकळी करण्याचा गुण उरत नाही. त्यासाठी ते लावून ठेवण्याच्या औषधातच घ्यावं, डॉक्टरांना विचारून. कोळशाची वडी काळी दिसते, एवढंच. तेलकट चेहऱ्याला साधा ग्रेड १ साबण दिवसातून दोनदा पुरतो.

कडुनिंब, हळद, कोरफड वगैरे किती आहे ते ओळखायची एक युक्ती सांगतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कसेही. टेट्रासोडियम ईडीटीए किंवा एटिड्रोनिक आम्ल ही नावं साबणात १ टक्क्याच्या पुष्कळ खाली असतात. मग त्यांच्यानंतर जे काही लिहिलंय तेही १ टक्का किंवा त्याहून कमीच. शंभर ग्रॅमच्या वडीत फार तर एक ग्रॅम अर्क, तोही मिनिटभरात मोरीत. संवेदनशील त्वचेने अर्कापेक्षा ‘परफ्यूम’, लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल या सुगंधद्रव्यांकडे पाहावं. साबणाची अ‍ॅलर्जी बहुधा सुगंधाची निघते. दिवाळीची खास वासाची वडी एखाद्या अभ्यंगस्नानापुरती ठीक, तान्ह्याला नको.

ग्लिसरीन यादीत पहिल्या तिनांत असेल तरच त्याचं कौतुक. पारदर्शक वडीत ते, सॉर्बिटॉल आणि साखर भरपूर असतात, त्यामुळे तिचा टीएफएम कमी भरतो. ती भेसळ नव्हे. आपल्या लेखाच्या हिशेबाने मात्र ती बाद ठरली असती.

‘जंतुनाशक’ शब्दासाठी जादा पैसे देऊ नयेत. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बनसह १९ घटक घरगुती साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नाही.

वेष्टनावर टीएफएमच्या शेजारी फेसाचा पीएचही छापावा आणि घटकांची यादी निदान वाचता येईल एवढ्या टाइपात, मराठीतही द्यावी, अशी मागणी आपल्या पत्राने भारतीय मानक ब्युरो आणि ग्राहक व्यवहार खात्याकडे लावून धरावी, ही विनंती.

आपला नम्र,
साबण-निर्मितीतील एक रसायनतज्ज्ञ, सांगली
(कृपया नाव छापू नये.)