ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचे शून्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांच्या दिवसांत महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला येणाऱ्या मराठी मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. जयविलास राजवाडा, राणी लक्ष्मीबाईंची समाधी, तानसेनाची कबर, आणि मग पश्चिमेकडील उरवाई दरवाजाच्या बाजूने मोटारीतून किल्ल्यावर जाऊन मानमंदिर राजवाडा. यात गैर काहीच नाही. परंतु मोटारीच्या या रस्त्यामुळे किल्ल्याच्या पूर्वेकडील जुन्या चढणीवरचे चतुर्भुज मंदिर पाहावयाचे राहून जाते. तेथील जुन्या शिलालेखात शून्य कोरलेले आहे, आणि गणिताची थोडीफार आवड असणाऱ्यांचे त्यात मोठे नुकसान होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझे वडील लश्कर भागातील एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. शून्याचा इतिहास हा त्यांच्या आयुष्यभराच्या आवडीचा विषय, ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्यासह बेरीज-वजाबाकीचे नियम कसे मांडले, हे आम्हा भावंडांना पाढ्यांबरोबरच ऐकावे लागले आहे. गुडघे कुरकुरत असतानाही त्यांनी हे मंदिर पुन्हा पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हा नुकताच मी त्यांना घेऊन गेलो. ग्वाल्हेर दरवाजातून शिरले की गुजरी महाल लागतो आणि फरसबंद चढ सुरू होतो. येथे वाहने येत नाहीत. गणेश दरवाजा मागे टाकून लक्ष्मण दरवाजाकडे जाताना, एकाच खडकात कोरलेले हे लहानसे विष्णुमंदिर दिसते. प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळात वैल्लभट्टाचा पुत्र अल्ल याने ते करविले.

आतील भिंतीवरचा संस्कृत लेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा आहे. त्यात फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप २७० हात लांब आणि १८७ हात रुंद असे असून, देवासाठी रोज ५० हार पुरविण्याची व्यवस्था नोंदविली आहे. वडिलांनी मला एक गोष्ट मुद्दाम दाखविली. संवताच्या आकड्यात शून्य नाही. ते आहे जमिनीच्या मापात आणि हारांच्या संख्येत. कोणा ज्योतिर्विदाच्या ग्रंथात नव्हे, तर देवस्थानच्या साध्या दानपत्रात ते इतक्या सहजपणे लिहिले गेले, याचा अर्थ स्थानमूल्याची ही पद्धत तोवर रोजच्या व्यवहारात मुरलेली होती, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते. अक्षरांच्या मानाने ते वर्तुळ फारच लहान आहे. दाखविल्याशिवाय सापडत नाही.

आम्ही तेथे असतानाच एक वाटाड्या आपल्या पाहुण्यांना ‘जगातले सर्वांत पहिले शून्य’ म्हणून सांगत होता. वडिलांनी मास्तरकीच्या सवयीने त्याला थांबविले. कंबोडियातील सांबोर येथील शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३, या वर्षाच्या आकड्यात शून्यासाठी टिंब आहे, तेव्हा पहिलेपणाचा दावा टिकत नाही. भारतातील शिलालेखांपैकी ज्याच्या काळाविषयी शंका नाही आणि ज्यात शून्य आजच्यासारखे वर्तुळाकार आहे, असा हा अत्यंत जुना लेख आहे, एवढे सांगितले तरी त्याचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. खोट्या अभिमानाने येणारा पर्यटक घरी गेल्यावर दोन मिनिटांत खरे काय ते शोधून काढतो, आणि मग आपल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

संबंधित खात्याला विनंती एवढीच, की शून्य नेमके कोणत्या ओळीत आहे हे दाखविणारे लेखाचे मोठे छायाचित्र आणि त्याचा हिंदी व मराठी अर्थ मंदिराबाहेर लावावा, तसेच गाभारा उघडा असण्याच्या वेळा ग्वाल्हेर दरवाजापाशीच ठळकपणे लिहाव्यात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना चढून आल्यावर बंद दारापुढे उभे राहावे लागणार नाही. सहली काढणाऱ्या मराठी मंडळांनीही चढताना मोटार उरवाईने न नेता प्रवाशांना सकाळी पूर्वेच्या दरवाजापाशी सोडावे आणि उतरण्यासाठी मोटार वर बोलवावी.

एक वाचक,
लश्कर, ग्वाल्हेर