तळमजल्यावरच्या रात्रपाळीवाल्यास

प्रिय बाळा,

तुझं नाव इथे घालत नाही, तुला ते आवडणार नाही. पत्र मात्र उघडपणे लिहिते आहे. मार्च महिन्यात मला जे बोल लागले ते चारचौघांत लागले, तेव्हा तुझे आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

तुला माहीतच आहे, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी परदेशातल्या आपल्या मुलांना मराठी वाचायला शिकवते. न्यू जर्सीची मुलं त्यांच्या शनिवारी रात्री साडेआठला बसतात, तेव्हा ठाण्यात आपल्या पाचपाखाडीत रविवारचे सकाळचे सात वाजलेले असतात. लंडनचा एक मुलगा आहे, फिनिक्सची एक मुलगी आहे. भाच्याने न्यू जर्सीहून त्याचा लॅपटॉप मला आणून दिला, आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात मी तो 'इथल्यासाठी' लावून घेतला. त्या माणसाने काय केलं, तर आत अमेरिकेचा टाइम झोन तसाच ठेवून घड्याळाचे आकडे हाताने साडेदहा तास पुढे नेले. वर वेळ बरोबर दिसायला लागली. कॅलेंडरमध्ये माझा रविवारचा वर्ग शनिवारी रात्री का दिसतो, असं मी विचारलं होतं. 'त्याकडे लक्ष देऊ नका' हे उत्तर मिळालं.

8 मार्चला, अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पुढे करायच्या दिवशी, माझा लॅपटॉपही मध्यरात्रीनंतर आपोआप तासभर पुढे गेला. सकाळी त्यावर सात वाजले म्हणून मी बसले, तेव्हा खरे सहाच वाजले होते. बराच वेळ वाट पाहून मी लॅपटॉप मिटला, आणि त्यानंतर मुलं आली. दुकानदाराने तो तास मागे ओढून दिला. पुढच्या रविवारी मी अगदी खऱ्या सातला बसले, तर मुलं सहालाच येऊन गेली होती, कारण एव्हाना त्यांची साडेआठची वेळ म्हणजे आपले सकाळचे सहा झाले होते. आईबापांना वाटलं, कॅलेंडर मला सांगेलच. एका आईने सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'काकूंची तब्येत बरी नसेल तर काही दिवस वर्ग थांबवू या.' ती वाईट नाही, काळजीनेच लिहिलं तिने. पण इतकी वर्षं शाळेच्या पहिल्या घंटेआधी वर्गात उभी राहिलेली बाई मी. ते वाक्य मला फार लागलं.

दुकानांतली उत्तरं तर काय सांगू! एकाने लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाचा सेल गेला म्हणून नवा घातला आणि पैसे घेतले. दुसरा म्हणाला, विंडोज काढून नव्याने टाकावी लागेल, आतलं सगळं जाईल. मुलांच्या गोष्टी, माझे धडे, सगळं. आणि मी समोर उभी असताना माझ्या मुलाला फोनवर सांगतो, 'आजींना झेपत नाही हो, एखादा टॅब घेऊन द्या.' माझे विद्यार्थी कुठे राहतात, हा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडला नाही.

तो तू विचारलास. ऐरोलीहून कॅबने येऊन तू गेटपाशी उतरत होतास, डोळे लाल, गळ्यात ओळखपत्र तसंच. मी पिशवी घेऊन तिसऱ्या दुकानाकडे निघाले होते. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, 'काकू, मुलं कुठल्या कुठल्या गावची?' मग घरी जायच्या आधी माझ्याबरोबर वर आलास.

तू आधी काहीच उघडलं नाहीस. आपल्या फोनवरून मला एक मेल पाठवलास. भिंतीवर आठ वाजले होते आणि लॅपटॉप म्हणत होता, हा मेल काल रात्री साडेदहाला आला. तू माझ्याकडे वळून म्हणालास, 'काकू, तुमचं काहीच चुकलेलं नाही. हा ठाण्यात आलाय हे त्याला कुणी सांगितलंच नाही.' मला तिथेच रडू आलं, ते तू पाहिलंस आणि न पाहिल्यासारखं केलंस. सेल गेला असता तर लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर तारीखच कुठल्या कुठे मागे गेली असती, नुसता तास सरकला नसता, हेही तू मला समजावून सांगितलंस. नंतरचं काम थोडंच होतं. यादीतून चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेली साडेपाच तासांची ओळ निवडलीस आणि वेळ आपोआप लागू दिलीस. आपल्याकडे उन्हाळी वेळच नाही, त्यामुळे तो आता मार्चमध्ये उडी मारणार नाही, म्हणालास.

इथे थांबून तू खाली जाऊन झोपला असतास तरी मी जन्मभर तुझं नाव काढलं असतं. पण तू म्हणालास, 'हजेरीची वही द्या.'

ती वही तू मांडीवर घेतलीस आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचं गाव आणि आपल्याकडच्या दोन वेळा लिहायला लागलास. न्यू जर्सी, हिवाळ्यात सकाळी 7, उन्हाळ्यात 6. लंडन, हिवाळ्यात दुपारी साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येते. लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत येतं. मधल्या आठवड्यांत एकाची वेळ सरकलेली आणि दुसऱ्याची नाही, म्हणून तिथे तू लाल पेनाने रेघ मारलीस. फिनिक्सच्या मुलीपुढे एकच वेळ, गुरुवार सकाळी 7, बारा महिने, कारण ॲरिझोना राज्यात बहुतेक ठिकाणी घड्याळं बदलत नाहीत. 'फिनिक्स'पाशी तुझं पेन थांबलं. 'काकू, नि पहिली की दुसरी?' पहिली, मी म्हटलं. बऱ्याच वर्षांनी मराठी लिहितोय म्हणालास. अक्षर मोठं आणि सावकाश आहे, पण एकही खाडाखोड नाही.

आणि एक गोष्ट तू अशी लिहिलीस, जी मला कुणीच सांगितली नसती. न्यू जर्सीचा वर्ग त्यांच्या शनिवारी रात्री असतो आणि त्यांची घड्याळं त्यानंतर, रविवारी पहाटे दोनला बदलतात. म्हणून बदलाच्या रविवारी माझा वर्ग जुन्याच वेळेला, नवी वेळ त्याच्या पुढच्या रविवारपासून. हे सुचायला माझा वर्ग खरोखर कसा चालतो ते आधी मनात आणावं लागतं. तू रात्रभर फोनवर अमेरिकेचं काम करून आला होतास, मार्चमध्ये तुझीही पाळी साडेसातची साडेसहाला येते, हे सगळं तुझ्या अंगवळणी पडलेलं. पण अंगवळणी पडलेलं दुसऱ्याला सांगायला माणूस बसत नाही. तू बसलास.

चहा पिताना मी तुला आपल्याकडची गोष्ट सांगितली. 1906 साली देशभराची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने तिच्याहून 39 मिनिटं मागे असलेली आपली वेळ 1955पर्यंत सोडली नव्हती, आणि दुसऱ्या महायुद्धात इथलीही घड्याळं तासभर पुढे केली होती. झोप अनावर झालेली असताना तू विचारलंस, 'मग लोकांनी गाड्या कशा पकडल्या असतील हो?' विद्यार्थ्यासारखा खरा प्रश्न. चांगल्या घरचा मुलगा असं आपण सहज म्हणतो. मला विचाराल तर माणसाचं चांगलेपण असं प्रश्नातच कळतं. समोरच्याचं काम खरं काम आहे असं धरून तो विचारलेला असतो. ऐरोली, महापे, घणसोलीच्या रात्रपाळ्या करून सकाळी ठाण्यात उतरणाऱ्या मुलांकडे आमच्या पिढीने जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवं. ती दिवसा झोपतात म्हणून आम्ही नाकं मुरडतो.

दुकानांबद्दल माझ्या मनात अजून राग आहे, तो लपवत नाही. पैसे गेले त्याचं मला काही नाही. न विचारता त्यांनी माझ्या वयावर बोट ठेवलं, ते मी विसरणार नाही.

त्या आईने नंतर फोन केला. वर्ग चालू आहेत, कुणीही थांबलेलं नाही. यंदा लंडन 25 ऑक्टोबरला बदलेल आणि न्यू जर्सी 1 नोव्हेंबरला, म्हणजे मला 8 तारखेपासून. आता शिकागोची एक मुलगीही आली आहे. शिकागो न्यू जर्सीच्या एक तास मागे आणि बदलतं त्याच दिवशी, म्हणून तिला त्याच वर्गात घेतलं आणि वहीत तिच्यापुढची ओळ मी स्वतः लिहिली. एकदा येऊन तपासून जा. रविवारची सकाळ सोडून कधीही ये, आणि आधी झोप काढून ये.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू