पार्ट बदलण्याआधी मीटर लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

साठ लाखांची सेडान घ्यायची, अंबाबाईचे दर्शन करून जोतिबाला न्यायची आणि पहिल्याच पावसाळ्यात ती वर्कशॉपच्या रॅम्पवर बघायची, याचे कोल्हापुरात आता नवल राहिलेले नाही. मालक म्हणतो, ‘पीसच खराब निघाला.’ वर्कशॉपमधून उत्तर येते, ‘स्कॅनरमध्ये (गाडीत नोंदलेले बिघाड वाचणाऱ्या यंत्रात) काही दिसत नाही.’ अशा गाड्यांवर रोज हात काळे करणाऱ्यांना मात्र वेगळेच दिसते. नव्या गाडीत इंजिन किंवा गिअरबॉक्सच गेल्याच्या तक्रारी थोड्या असतात. बाकीच्यांचे मूळ बहुतेक वेळा उतरलेली बॅटरी, आत शिरलेले पाणी किंवा टायर यांत सापडते, आणि ते साध्या मोजमापाने कळते. ते न करता महागडा पार्ट बदलला जातो आणि पंधरा दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो.

आधी बॅटरी. सकाळी गाडी चालू केली की डॅशबोर्डवर एअरबॅग, स्टिअरिंग, ब्रेक असिस्ट, कॅमेरा असे पाच-सहा इशारे एकदम येतात. एवढे सगळे एका रात्रीत बिघडत नाही. या गाड्यांत डझनावारी कंट्रोल युनिट, म्हणजे एकेक यंत्रणा सांभाळणारे छोटे संगणक, असतात. स्टार्ट मारताना व्होल्टेज पडले की प्रत्येक युनिट आपापली तक्रार नोंदवून मोकळे होते. तेव्हा बॉनेट आणि डिकी आधीच उघडून ठेवावी, किल्ली लांब न्यावी, अर्धा-पाऊण तास थांबून मल्टिमीटर लावावा. भरलेली एजीएम बॅटरी (हिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते) १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ दिसले तर चार्जिंग हवे. १२.२ म्हणजे निम्मी उतरली.

मग उभी गाडी किती करंट खाते ते पाहावे. सगळी युनिट झोपल्यावर हा आकडा साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. ८० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्म्याखाली येते. चोर बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला असतो: थेट वायर जोडलेला डॅशकॅम, स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटमध्ये अडकवलेला ट्रॅकर, नंतर टाकलेला अॅम्प्लिफायर. कधी तर दोष किल्लीचाच. भिंतीच्या पलीकडे पोर्चमध्ये गाडी आणि अलीकडे खुंटीवर स्मार्ट किल्ली, अशी रचना असेल तर काही गाड्या रात्रभर किल्लीशी बोलत जाग्या राहतात. किल्ली चार खोल्या आत ठेवून बघा, खर्च शून्य.

चार्जर लावताना त्यावर ‘एजीएम’ निवडावे. काळी क्लिप बॅटरीच्या टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थिंग बोल्टला लावावी. ऋण टर्मिनलवर बसवलेला सेन्सर आत किती करंट गेला ते मोजत असतो. त्याला वळसा घातला तर बॅटरी भरूनही गाडी तिला उतरलेलीच समजते. बॅटरी बदलल्यावर स्कॅनरने तिची नोंद करावी लागते, तीही त्याच प्रकारची आणि तेवढ्याच क्षमतेची हवी. एजीएमच्या जागी साधी पाण्याची बॅटरी बसवली की वर्षाच्या आत रडगाणे सुरू. अनेक सेडानमध्ये बॅटरी डिकीत असते आणि ती पूर्ण उतरली की डिकीचे बटण चालत नाही. स्मार्ट किल्लीच्या पोटात लोखंडी किल्ली असते, तिने ड्रायव्हरचे दार उघडते, आणि जंप देण्याचे टर्मिनल बॉनेटखाली दिलेले असतात. हे घरातल्या प्रत्येकाला एकदा करून दाखवलेले बरे.

दुसरे पाणी. सनरूफची तक्रार म्हटले की लोक रबर बदलायला निघतात. मुळात सनरूफचे रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतेच. थोडे पाणी आत यायचे, खालच्या पन्हळीत पडायचे आणि चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जायचे, अशी ती व्यवस्था आहे. पुढच्या नळ्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात, मागच्या नळ्या मागच्या खांबांतून. गाडी गुलमोहराखाली किंवा वर्षावृक्षाखाली उभी असेल तर त्यांची बारीक पाने नळीच्या तोंडाशी बसतात, त्यावर धुळीचा लगदा होतो आणि पाणी छताच्या अस्तरातून खाली येते. वरून गालिचा कोरडा वाटतो. खालचा स्पंज मात्र पिळला तर पाणी निघते. सकाळी काचा आतून धुरकट होणे आणि एसी लावताच कुबट वास येणे ही त्याची पहिली खूण. पायाखालच्या स्पंजाशेजारी काही गाड्यांत कंट्रोल युनिटच बसवलेले असते. त्याच्या पिना हिरव्या पडल्या की दार आपोआप लॉक होणे, हॉर्न वाजणे, सीट सरकणे असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात.

तपासणी सोपी. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी, साधारण २०० मिली, हळूहळू ओतावे आणि खाली चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी ते लगेच पडते का ते बघावे. पडले नाही तर गवत कापायच्या यंत्रातली दोन मिलिमीटरची नायलॉन दोरी वरून हलक्या हाताने घालावी. लोखंडी तार नको, ती नळी फोडते. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको: नळी अस्तराच्या आतल्या जोडातून सुटते, आणि ती परत बसवायला अख्खे छत उतरवावे लागते. पुढच्या काचेखालच्या जाळीतला पालाही जूनच्या आधी काढावा, नाहीतर ते पाणी ब्लोअरमध्ये जाते. गालिचा भिजलाच तर सीट काढून, गालिचा उचलून स्पंज वाळवावा लागतो. दारे उघडी टाकून उन्हात गाडी लावल्याने तो वाळत नाही.

टायर. या गाड्यांना २२५/४५ आर १८ च्या आसपासचे टायर येतात. २२५ मिलिमीटर रुंदीच्या ४५ टक्के म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात जेमतेम १०१ मिलिमीटर रबर. साध्या गाडीच्या १६५/८० टायरला तेच १३२ मिलिमीटर मिळते. हा फरक रंकाळ्याच्या कडेने फिरताना कळत नाही, पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात कळतो. टायरच्या कुशीला फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर दुरुस्त होत नाही आणि उत्पादनदोष म्हणून वॉरंटीत सहसा मिळतही नाही. त्यासाठी विम्याचे वेगळे टायर संरक्षण घ्यावे लागते. हवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे भरावी, आणि टायर थंड असताना. ‘आपल्या रस्त्यांना दोन पॉइंट जास्त’ हा सल्ला इथे उलटा पडतो.

रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावर साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत, ८० किलोमीटरपर्यंत चालतो. अशा गाडीच्या डिकीत सहसा स्टेपनी नसते. आंबा घाटात किंवा करूळ घाटात रात्री टायर बसला तर हे गणित डोक्यात हवे. हवा नसताना चालवलेला रनफ्लॅट आतून चुरगळलेला असू शकतो, तो पंक्चर काढून पुन्हा वापरू नये.

रिमबद्दल आमच्याच उद्यमनगराला, कोल्हापूरच्या या कारखाने-फाउंड्रींच्या वसाहतीला, चार शब्द. इथे काय तयार होत नाही? पण तडा गेलेली अलॉय रिम वेल्डिंग करून देऊ नये. ओतीव अलॉय रिम बहुधा ए-३५६ अॅल्युमिनियमची असते आणि टी-६ उष्मोपचाराने तिला ताकद आलेली असते. टॉर्च लागला की त्या जागेचा टी-६ गेला, हे फाउंड्रीतल्या माणसाला सांगायला नको. आतल्या कडेला हलका बाक असेल तर तो सरळ करता येतो. आऱ्यावर किंवा टायर बसतो त्या कडेवर तडा असेल तर रिम भंगारात.

डिझेल गाड्यांची तक्रार वेगळी. ताराबाई पार्क ते राजारामपुरी, राजारामपुरी ते शाहूपुरी एवढ्यावरच गाडी फिरत असेल तर इंजिन नीट तापतच नाही. धुराची काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला जाळून साफ करायला सुमारे ६०० अंश तापमान मागतो. साफसफाई चालू असतानाच गाडी बंद केली, असे वारंवार झाले, की त्या साफसफाईसाठी सोडलेले जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. आठवड्यातून एकदा हायवेने कागलपर्यंत एका दमात जाऊन यावे, वेग ६० च्या वर, गिअर एक खाली. फिल्टरचा दिवा लागूनही शहरातच फिरत राहिले तर पुढचे काम वर्कशॉपमध्येच होते. फिल्टर तुंबू नये म्हणून ऑइलही जळल्यावर कमी राख सोडणारेच हवे.

डिझेलचा धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरतात ते डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे द्रावण. हे कळल्यावर काहींना शेतातला युरिया आठवतो. देशात शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच येतो. तो पाण्यात कालवून टाकीत ओतला तर फवाऱ्याची नोझल आणि धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट दोन्ही जातात, आणि वाचलेल्या पैशांच्या कित्येक पट बिल होते. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेले तर इग्निशनसुद्धा चालू करू नये, कारण तेवढ्याने पंप फिरतो. डीईएफ संपत आल्याचा इशारा बऱ्याच आधी मिळतो. तो दुर्लक्षिला आणि टाकी रिकामी झाली तर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. तो बिघाड नव्हे.

पेट्रोलवाल्यांची ‘अॅव्हरेज पडले’ ही तक्रार ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आल्यापासून वाढली आहे. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सहा-सात टक्के घट हिशेबातच आहे. (जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे इथेनॉल, जिल्ह्यातल्याच गाड्या, तक्रार करायची कुणाकडे?) घट त्याहून बरीच जास्त असेल तरच इंजिन तपासायला न्यावे.

दसऱ्याच्या सुमारास एक तक्रार नेमाने येते: ‘ड्रायव्हर असिस्ट उपलब्ध नाही.’ चालकाला मदत करणाऱ्या या यंत्रणेचा पुढचा रडार बोधचिन्हाच्या मागे किंवा खालच्या जाळीत असतो. त्याच्यावरून झेंडूचा ओला हार लोंबत असतो, किंवा बंपरला लिंबू-मिरची बांधलेली असते. हार बाजूला करा, काच आणि बोधचिन्ह ओल्या मऊ कापडाने पुसा. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर स्वस्तिक काढले असेल तर तेही. पुढची काच बदलली असेल तर मात्र कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (त्याचा नेम पुन्हा जुळवणे) करून घ्यावे आणि त्याचा छापील अहवाल मागावा.

गिअरबॉक्सच्या ‘लाइफटाइम ऑइल’वर फार विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे, ते हवेतला ओलावा ओढते. गाडी धुतल्यावर पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारा खरखर आवाज डिस्कवरच्या गंजाचा असतो, त्यासाठी पॅड बदलू नयेत.

पुराचे वेगळे. २०१९ आणि २०२१ कोल्हापूर विसरलेले नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. ३९ ची बातमी आली की तळघरातली गाडी वर काढावी, ४३ ची वाट बघू नये. पाण्यात बंद पडलेली गाडी ‘एकदा मारून बघू’ म्हणून स्टार्ट करणे हीच सर्वांत महागडी चूक. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय बुडाल्यावर स्टार्ट केल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात सहसा बसत नाही, इंजिन संरक्षणाची जोड लागते. अशी गाडी फ्लॅटबेडवरच न्यावी, चाकांवर ओढत नव्हे.

आता कागद. जॉबकार्डावर ‘आवाज येतो’ एवढेच लिहून घेऊ देऊ नये. कुठल्या वेगाला, थंड की गरम इंजिनवर, एसी चालू की बंद, किती किलोमीटरला, हे स्वतः सांगून लिहवून घ्यावे. स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड पुसण्याआधी त्याची प्रिंट मागावी, त्यात बिघाडाच्या क्षणाचे व्होल्टेज आणि वेगही असू शकतो. बदललेला जुना पार्ट बघायला मागावा. ‘तक्रार आढळली नाही’ असा शेरा मिळाला तर तोही जपून ठेवावा. तोच शेरा तिसऱ्यांदा आला की पुरावा होतो.

प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचेच झाले तर कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांनुसार दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. आलिशान सेडान नेमक्या याच रेषेच्या आगेमागे आहेत, म्हणून बिलाचा आकडा आधी बघावा. गाडी फर्मच्या नावावर आहे म्हणून अनेक जण तक्रारच करत नाहीत. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी व्यावसायिक हेतूची ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे.

शोरूमना एक विनंती. डिलिव्हरीच्या दिवशी हार, केक, फोटो होऊ द्या. पण डिलिव्हरी नोटवर बॅटरीचे व्होल्टेज, चारही टायर बनल्याचा आठवडा-वर्ष सांगणारे चार आकडी कोड, सनरूफच्या चारही नळ्यांची पाणी-चाचणी आणि एकही बिघाड नसलेली स्कॅनरची प्रिंट एवढे जोडून द्या. वीस मिनिटांचे काम आहे.

आपले,
उद्यमनगर परिसरातील काही मेकॅनिक,
कोल्हापूर