जुन्या घराला नव्या खोल्या जोडताना

सावईवेरे, फोंडा
आषाढ

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याचं बिऱ्हाड आवरून तुम्ही दोघं इथे राहायला येणार, मागच्या अंगाला दोन खोल्या आणि न्हाणीघर वाढवणार, हे वाचून फार आनंद झाला. कंत्राटदार न नेमता काम स्वतः उभं राहून करून घ्यायचं म्हणतोस, तेही मला पटलं. बांधकाम खात्यात नकाशांच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. मालक रोज कामावर असला की त्या कामाला निराळी शिस्त येते, हे मी पाहिलेलं आहे. पण मोकळ्या जागेवर घर बांधणं वेगळं आणि आजोबांच्याही आधीपासून उभ्या असलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, घराला काही जोडणं वेगळं. जुन्या घराचं बिघडतं ते जोडावर. म्हणून आताच सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी कागद. आपला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीवर कोणाकोणाची नावं आहेत त्याचा कागद, काढून बघ. त्यावर तुझ्या बाबांबरोबर काकांचं आणि आत्याचं नाव आहे. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, त्यामुळे लग्न होऊन साखळीला गेली म्हणून आत्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणजे काकी आणि आतोबांचीही सही लागेल. आजोबांच्या पश्चात इन्व्हेंटारी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली नाही. नकाशा काढायच्या आधी सगळ्यांकडे जा, घरी बसून बोल आणि संमती लेखी घे. फोनवरचं 'हो रे, बांध' उद्या कामाला येणार नाही. आत्याला माहेरच्या घराचा जीव आहे, तिला पहिल्यांदा विचारलंस तर तिला बरं वाटेल.

त्यानंतर नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून नकाशे, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, सेप्टिक टँकसाठी आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला आणि शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. 2010 ची बांधकाम नियमावली अजून चालते, पण तिच्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून नकाशा काढणाऱ्याला ताजे नियम पाहूनच काढायला सांग. मागची जागा कुळागराची, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेची, आहे. ती वस्तीच्या पट्ट्यात येते का आणि जमीन बिगरशेती करण्याची सनद लागते का, हे पहिल्याच भेटीत विचार. परवाना हातात येईपर्यंत एक चिराही उतरवून घेऊ नकोस.

आता घराकडे येते. सध्या पाऊस धो धो पडतो आहे आणि तुला काही शिकायचं असेल तर याच दिवसांत. दोन दिवस रजा काढून ये. छत्री घेऊन मागच्या दारी उभा राहा. पागोळ्या कुठे पडतात, कुळागरातून उतरलेलं पाणी कुठून वाहतं, भिंतीला ओल कुठवर चढते, हे डोळ्यांनी बघ आणि कागदावर खुणा कर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. डिसेंबरात कोरड्या अंगणात उभं राहून आखलेली खोली जून महिन्यात नेमकी पाण्याच्या वाटेत सापडते.

तू पाठवलेल्या चित्रात नव्या खोल्या मागच्या भिंतीला चिकटवल्या आहेस आणि नवं छप्पर जुन्याच्या वळचणीखाली खुपसलं आहेस. हे करू नकोस, बाबू. जुनी भिंत मातीत बांधलेली, दीड-दोन फूट जाड. ती पावसाळ्यात ओल पिते आणि हिवाळ्यात सोडते. तिला बाहेरून बंद केलंस तर ती ओल माजघरात येईल. शिवाय जुन्या छपराचं सगळं पाणी नव्या छपराच्या माथ्यावर, दोघांच्या बेचक्यात पडेल. नव्या खोल्या चार-पाच फूट लांब घे. मधे अरुंद, बुटकी पडवी काढून दोन्ही घरं जोड. जुन्या पागोळ्या पूर्वीसारख्या जमिनीवर पडू देत, तिथे दगडी गटार काढ. पडवीचं छप्पर जिथे जुन्या भिंतीला भिडतं तेवढीच जागा जपायची राहील. तिथली पन्हळ हात आणि केरसुणी आत जाईल इतकी रुंद ठेव, निदान फूटभर. पोफळीच्या झावळ्या आणि फणसाची पानं अडकली की पन्हळ तासाभरात तुंबते आणि पाणी उलटं कौलांखाली शिरतं.

पडवीत जायला नवं दार पाडण्याची गरज नाही. माजघराची मागची खिडकी आहे, तिच्या खालचा भाग काढून दार कर. रुंदी तीच राहिली की वरचा भार जसाच्या तसा राहतो. मात्र त्या आधी खिडकीवरचं लाकूड तपास. स्क्रू ड्रायव्हर घे आणि दोन्ही टोकांना, जिथे ते भिंतीत शिरतं तिथे, टोचून बघ. घट्ट लाकडात टोक रुतत नाही. वाळवीने पोखरलेलं असेल तर वरचा पापुद्रा फुटून टोक आत जातं आणि मातीचा भुगा गळतो. तसं झालं तर दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, वरचा भार पेलून धरूनच ते बदलायचं. त्या दिवशी तू स्वतः तिथे पाहिजेस.

नवा पाया जुन्या पायाला बांधू नकोस. गवंडी म्हणेल, 'दात काढून जोडतो, एकजीव होईल.' होत नाही. जुनं घर बसायचं तेवढं बसून गेलेलं आहे, नवं पुढची काही वर्षं थोडं थोडं बसेल. दोन्ही एकमेकांत अडकवली की भेग पडतेच, आणि ती जुन्या भिंतीत पडते. मधे सरळ उभी फट ठेवायची आणि ती वरून झाकायची. खणताना जुन्या भिंतीलगत, तिच्या पायापेक्षा खोल जायचं नाही. खोल जावंच लागलं तर इंजिनिअरला बोलावून, थोडं थोडं खणून लगेच भरत जायचं. भिंतीच्या कडेने लांब चर उघडा टाकून कामगार चवथीला गावी गेले, असं आपल्या गावात घडलेलं आहे. त्या घराचा कोपरा परत बांधावा लागला.

चिरे स्वतः खाणीवर जाऊन निवड. खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो, वाऱ्यावर सुकत जाईल तसा घट्ट होतो, म्हणून परवाना मिळाल्याबरोबर आणून रचून ठेव. ज्याच्या छिद्रांत पिवळी-पांढरी शेड, म्हणजे मऊ चिकणमाती, भरली आहे तो बाजूला काढ. बांधताना चिरा भिजवून घ्यायला लाव, नाहीतर तो बांधकामाच्या मालातलं पाणी ओढून घेतो. रेती खाडीची खारट नको, सळई गंजते आणि भिंतीवर पांढरं फुलून येतं. बेकायदा उपशाची रेती तर आपल्या दारात मुळीच नको. कारखान्याची दगडी रेती चालते.

जुन्या भिंतीला जिथे हात लागेल तिथे चुन्याचाच गिलावा कर. गवंडी सिमेंटचा आग्रह धरील, कारण तो लवकर उरकतो. सिमेंट ओल आत कोंडतं, मग चिरा आतून भुसभुशीत होतो आणि गिलावा थरच्या थर सुटतो. नव्या भिंतींना तुला हवं ते कर.

सेप्टिक टँक विहिरीपासून निदान पंधरा-अठरा मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्याच्या जमिनीतून पाणी सहज झिरपतं, आणि आपण अजून त्या विहिरीचं पाणी पितो.

वेळापत्रक असं धर. पावसाळाभर कागद आणि नकाशे. दिवाळीनंतर पाया. शिमग्याला माणसं गावी जातील हे गृहीत धरून त्याआधी भिंती वर आणि लिंटल, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या तुळया, ओतून झालेले हवेत. लिंटलचं पाणी सात दिवस तरी तोडायचं नाही, मिश्र सिमेंट असेल तर दहा, आणि खालचे टेकू कोणी घाई केली तरी चौदा दिवसांआधी काढू द्यायचे नाहीत. मे महिन्याच्या मध्यापर्यंत कौलं चढलीच पाहिजेत. नाही चढली तर जूनमध्ये धावपळ न करता भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री आणि माडाची चुडतं बांधून काम थांबव.

माल तू घे, मजुरी मोजमापावर ठरव, आणि ती एका वहीत दोघांच्या सहीने लिही. आगाऊ पैसे थोडे, बाकी टप्पा पुरा झाल्यावर. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडून छप्पर तपासल्यावर द्यायचा, हे सुरुवातीलाच मेस्त्रीला सांग. जे ठरलं ते मात्र त्या दिवशीच त्याच्या हातात पडलं पाहिजे. त्याच्या माणसांना सावली, पिण्याचं पाणी आणि दुपारचा चहा मी बघेन. छपरावर चढणाऱ्याला कमरेला दोर बांधल्याशिवाय चढू देऊ नकोस, तो नको म्हणाला तरी.

जुनी मंगळुरी कौलं मांगरात रचून ठेवली आहेत. पडवीला पुरतील असं वाटतं, चौरस मीटरला पंधराएक लागतात. येशील तेव्हा आपण दोघं मिळून फुटकी वेगळी करू. सूनबाईला न्हाणीघर कसं हवं ते तिलाच कागदावर काढून द्यायला सांग, तुझ्या चित्रात दार उलट्या बाजूला उघडतं आहे.

आत्याला फोन मात्र आजच कर.

तुझी,
आई