नंबर परत घ्यायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषयच बदलता. "ते असू दे, आईचा सिलिंडर आला का बघ जरा" म्हणता आणि मोकळ्या होता. म्हणून हे उघड पत्र. त्यात थोडा स्वार्थही आहे. आमच्याकडं आहे तसलंच तपासणीचं मशीन कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या आणखी फाउंड्रींत बसलंय आणि तिथली पोरंही आमच्यासारखीच वैतागलेली आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामी येऊ दे.

वाचणाऱ्यांसाठी आधी मशीनबद्दल. फेटलिंग, म्हणजे घासून साफसफाई, होऊन आलेलं कास्टिंग कॅमेऱ्याखालून जातं आणि ब्लो होल (हवेची भोकं), सँड ड्रॉप (वाळू पडून झालेले खड्डे) असले दोष सॉफ्टवेअर टिपतं. कॅमेऱ्याची चित्रं कॉम्प्युटरात घेणारं कॅप्चर कार्ड एका जुन्या ड्रायव्हरवरच चालतं. त्यामुळं मशीनवाल्यांनी लिनक्स सर्व्हरवर एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर, उभं केलं आणि कार्ड थेट त्याच्या हवाली केलं, म्हणजे पासथ्रू. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, ही सोय व्हीएफआयओ नावाचा भाग करतो, 2012 सालच्या 3.6 आवृत्तीपासून. बाहेरचा सर्व्हर तो होस्ट, आतलं मशीन तो गेस्ट. कार्ड आतल्या सिस्टीमचं झालं तरी "फ्रेम आली" असं सांगणारा इशारा, म्हणजे इंटरप्ट, आधी होस्टच्या कर्नलकडंच येतो. तिथून तो आत पोचवावा लागतो, आणि आमचं दुखणं याच वाटेवर होतं.

दुखणं मोठं विचित्र. कार्ड कधीच बंद पडायचं नाही. ते मंदावायचं. चांगले आठवडे जायचे, मग एखाद्या पाळीत फ्रेम गळायला लागायच्या, अर्धवट चित्र बघून सॉफ्टवेअर चांगला माल रिजेक्टमध्ये टाकायचं आणि सुपरवायझर माझ्या नावानं शंख करायचा. व्हर्च्युअल मशीन आतून रीबूट करून काही फरक पडत नव्हता. अख्खा सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं झकास. लॉगमध्ये एकच ओळ सापडायची: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. मशीनवाल्यांच्या सपोर्टचा माणूस फोनवर म्हणाला, डिस्क भरली असेल, जुने फोटो उडवा. डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी होती. तरी फोटो उडवले गेले, आणि गिऱ्हाइकाला रिजेक्शनचा पुरावा म्हणून तेच फोटो दाखवायचे असतात. तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि पहिलंच विचारलंत, "सर्व्हर कशाला बंद करालायस? नुसतं क्यूईएमयू बंद करून चालू कर की." क्यूईएमयू म्हणजे होस्टवरचा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम. केलं. तेवढ्यानं कार्ड ठणठणीत. मला वाटलं, हा नुसता लवकर होणारा उपाय. तुमच्या लेखी मात्र निम्मा तपास तिथंच झाला होता. आतलं रीबूट पुरत नाही, म्हणजे गळती गेस्टमध्ये नाही. क्यूईएमयूची प्रोसेस मेली की तिनं घेतलेलं सगळं कर्नल परत घेतो, आणि त्यानं आजार बरा होतोय, म्हणजे होस्टचा कर्नलही स्वच्छ. गळती त्या प्रोसेसच्याच हिशेबात आहे.

एवढं उलगडल्यावरही तुम्ही मला कर्नलची बाजू तपासायला लावलीत. कर्नल इंटरप्टांची यादी दाखवतो त्या प्रॉक इंटरप्ट्स फाइलमध्ये व्हीएफआयओच्या एमएसआय-एक्सच्या (एमएसआय म्हणजे कार्डानं संदेश लिहून पाठवायचे इंटरप्ट) ओळी मोजल्या: आजारी असतानाही आठ, बरा असतानाही आठ. प्रोसेसनं उघडलेल्या गोष्टी दाखवणाऱ्या एफडी फोल्डरमध्ये इव्हेंटएफडी, म्हणजे इंटरप्टची वर्दी देणाऱ्या घंटा, मोजले, तेही तितकेच. एक्स 86 जातीच्या प्रोसेसरवर प्रत्येक सीपीयूला 256 व्हेक्टर, म्हणजे इंटरप्टचे क्रमांक, असतात आणि त्यातले पहिले 32 एक्सेप्शनसाठी (सीपीयूच्या स्वतःच्या अडचणींसाठी) राखलेले, हे मला त्या दिवशी कळलं. ते संपत असते तर नेटवर्क कार्डानंही नखरे केले असते, हा तुमचा मुद्दाही पटला. आणि तो डिस्कवाला संदेश! तो फक्त एरर क्रमांक 28. ठरावीक आकाराचं कुठलंही टेबल भरलं की कर्नलवाले आणि क्यूईएमयूवाले तोच परत पाठवतात. डिस्कचा त्यात काही संबंध असावाच असं नाही.

मग रविवारी "येतो मी" म्हणून तुम्ही खरंच शिरोलीला आलात. भट्टी बंद होती, तरी काळी वाळू सगळीकडं होतीच, आणि तुमच्या पांढऱ्या ओढणीचं काय झालं ते मी बघितलंय. तिथं तुम्ही तालमीच्या महाप्रसादाच्या भांड्यांचं उदाहरण काढलंत. मंडपवाला वहीत लिहितो, पातेली गेली 40. दुसऱ्या दिवशी मोजून घेतो. आली 39, तर एक कुणाकडं राहिलं ते त्याच दिवशी शोधतो, गणपती संपल्यावर शोधत नाही. "तुझी वही कुठाय?" असं विचारलंत. माझ्याकडं वही नव्हती. क्यूईएमयूकडं होती.

हा भाग नीट लिहितो, कारण बाकीच्यांना हाच लागणार आहे. क्यूईएमयूमध्ये ट्रेसच्या, म्हणजे आत काय घडतंय ते ओळीनं लिहून दाखवणाऱ्या, दोन घटना आहेत. एक, गेस्टच्या एमएसआयसाठी केव्हीएमच्या (कर्नलमधल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाच्या) राउटिंग टेबलात, म्हणजे कुठला इंटरप्ट कुठं पोचवायचा त्या यादीत, नोंद घातली की उमटते, दुसरी ती नोंद सोडली की. दोन्ही चालू केल्या आणि आतल्या मशीनमध्ये कार्डाचा ड्रायव्हर काढून परत घातला. घेतल्याच्या आठ ओळी आल्या. सोडल्याची एकही नाही. त्याहून पक्की खूण तुम्ही दाखवलीत ती नंबरांची. क्यूईएमयू नोंदीला नेहमी सगळ्यात खालचा मोकळा नंबर देतं. 0 ते 23 आयओएपिक या इंटरप्ट वाटणाऱ्या चिपच्या रेषांकडं असतात, त्यापुढचे असे वाटले जातात. प्रकृती ठीक असेल तर ड्रायव्हर कितीदाही काढा-घाला, तेच आठ नंबर परत दिसायला हवेत. आमचे दर वेळी आठानं वर चढत होते. हल्लीच्या कर्नलात टेबलाची मर्यादा 4096. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक नव्या बॅचला ड्रायव्हर नव्यानं उठवतं. आठाआठानं 4096 गाठायला वेळ लागतो, म्हणूनच ते "चांगले आठवडे".

पण टेबल भरल्यावर कार्ड थांबत का नव्हतं? मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त छळत होता. नोंद मिळाली तर इंटरप्ट आयआरक्यूएफडी (इव्हेंटएफडी आणि नोंद यांची गाठ) या जवळच्या वाटेनं कर्नलमधूनच थेट गेस्टमध्ये शिरतो. नोंद मिळाली नाही तर क्यूईएमयू हार मानत नाही. प्रत्येक इंटरप्टला स्वतः जागं होतं आणि तो हातानं आत सोडतं. माल पोचतो, पण फेरा पडतो, आणि कॅमेऱ्याच्या वेगाला तो फेरा झेपत नाही. तुम्ही व्हीएफआयओच्या एमएसआय इंटरप्टची ट्रेस चालू करायला सांगितलीत. बऱ्या स्थितीत ती जवळपास गप्प असते. आजारी स्थितीत ओळींचा नुसता पूर आला, आणि सीपीयू कोण खातंय ते दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये क्यूईएमयूचा मुख्य थ्रेड तापलेला दिसला. स्वतःहून फेऱ्याची वाट धरणाऱ्या सॉफ्टवेअरला मी शहाणं म्हणायचो. आता माझं मत बदललंय. सरळ बंद पडलं असतं तर पहिल्याच खेपेला सापडलं असतं.

दोष मूळ क्यूईएमयूचा नव्हता, हेही इथं सांगून टाकतो. मशीनवाल्यांनी आपल्या कार्डासाठी त्यात फेरफार करून स्वतःचं बिल्ड दिलं होतं. त्याचा सोर्स ते कशाला देतील, असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, क्यूईएमयू जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या आवृत्ती 2 खाली आहे, बदललेलं बिल्ड ज्याला दिलं त्यानं सोर्स मागितला तर द्यावा लागतो, भांडू नकोस, सभ्य भाषेत लिही. मेलचा मसुदाही तुम्हीच नीट करून दिलात, माझी तीन तिरकस वाक्यं काढून. सोर्स आला.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. घेताना क्रम असा: इव्हेंटएफडी, मग राउटिंगची नोंद, मग दोघांची गाठ. सोडताना बरोबर उलटा: आधी गाठ सोडा, मग नोंद, शेवटी इव्हेंटएफडी. त्यांच्या कोडमध्ये गाठ सुटत होती, इव्हेंटएफडी बंद होत होता, आणि मधली नोंद तशीच लटकत राहायची. इव्हेंटएफडीची मोजणी बरोबर आली होती ती यामुळंच. मी खुशीत लॅपटॉप मिटायला निघालो तर तुम्ही विचारलंत, "गाठच बसली नाही तर?" बघितलं, तर त्या वाटेवरही नोंद परत होत नव्हती. आमच्याकडं ती वेळ बहुधा कधी आलीही नसेल. पण तुम्ही तिथंही एक ओळ घालायला लावलीत.

ताई, सगळ्यात जास्त आभार दोन गोष्टींचे. एक, तुम्ही एकदाही माझ्या हातातून कीबोर्ड घेतला नाहीत. कमांड मी मारायची, आउटपुट मी वाचायचं, आणि "काय दिसतंय?" याचं उत्तर मीच द्यायचं. दुसरी, आमच्या मॅनेजर साहेबांनी "रोज रात्री रीस्टार्ट लावून टाका, विषय संपवा" म्हटल्यावर तुम्ही त्यांना हसला नाहीत. "लावा, माल अडकायला नको, फक्त मोजणी चालू ठेवा" म्हणालात. त्या रात्रीच्या रीस्टार्टमुळं माल निघत राहिला, आणि मोजणीमुळं साहेबांना आकडे चढताना दिसले. नाहीतर मशीनवाल्यांना मेल लिहायची परवानगीही मिळाली नसती.

मशीनवाल्यांनी दुरुस्ती त्यांच्या पुढच्या बिल्डमध्ये घेतली आहे. आमच्याकडं रात्रीचा रीस्टार्ट बंद केलाय, नंबर तेच आठ येतात. घेतल्या-सोडल्याची मोजणी करणारी तुमची ती छोटी स्क्रिप्ट मी आणखी दोन युनिटांतल्या पोरांना दिली आहे, तुमचं नाव त्यातून वगळून. तुमची हरकत असेल तर कळवा. आणि ओढणीचा डाग निघाला की नाही, तेवढं सांगा.

तुमचा,
शिरोलीच्या फाउंड्रीतला सिस्टीमवाला