१३ फेब्रुवारीच्या दिनविशेषात तिबेटही हवा

मा. संपादक,
स.न.

आपल्या दैनिकातला 'दिनविशेष' मी रोज चहासोबत वाचतो. १३ फेब्रुवारीला त्यात सरोजिनी नायडूंची जयंती असते, ती असायलाच हवी. तिच्याखाली तिबेटविषयी आणखी एक ओळ छापावी, एवढ्यासाठी हे पत्र.

गोठणगावजवळच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पाला लागून माझ्या धानाच्या बांध्या आहेत. १९७२ साली हे लोक इथे वसले, तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता. तिथल्या एका मावशींकडे आमचं घरोब्याचं जाणं-येणं. दहा वर्षांच्या असताना त्या बर्फातून चालत भारतात आल्या, हिमाचलात रस्त्यावर खडी फोडली. यंदा १३ फेब्रुवारीला उन्हाळी धानाच्या रोवण्याच्या गडबडीत त्यांच्या दारावरून जात होतो, तर मावशी ओट्यावर झेंडा शिवत बसलेल्या. दोन हिमसिंह, मागून उगवणारा सूर्य. पिवळी किनार घडीवर विरली होती, तिथे बारीक टाके घालत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "आज आमचा पंधरा ऑगस्ट."

मला माहीतच नव्हतं. चिनी फौज ल्हासात शिरली म्हणून तेरावे दलाई लामा १९१० मध्ये भारतात आले होते. चीनची राजसत्ता कोसळली, फौज हटली आणि १९१३ च्या जानेवारीत ते ल्हासाला परतले. पुढच्याच महिन्यात त्यांनी तिबेट स्वतंत्र असल्याचा जाहीरनामा काढला. मोठ्या राष्ट्रांनी तो मानला नाही. १९५० मध्ये चिनी सैन्य पुन्हा शिरलं. आपणही चीनसोबतच्या १९५४ च्या करारात 'चीनचा तिबेट प्रदेश' असं लिहून दिलं, हे मला आजही खुपतं. आताचे दलाई लामा स्वातंत्र्य नव्हे, खरी स्वायत्तता मागतात. त्यामुळे १९५९ च्या चीनविरुद्धच्या उठावाचा १० मार्च सगळीकडे मोठा होतो, १३ फेब्रुवारी मागे पडतो. मावशींचा मात्र हाच दिवस.

त्यांचा नातू इथेच जन्मला, आमच्या पोरांसोबत शिकला, आमच्यासारखीच झाडीबोली बोलतो. तरी कागदोपत्री तो परदेशी. नोंदणीचं पुस्तक मुदत संपली की नवं करून घ्यावं लागतं. थंडीत तो स्वेटर विकायला बाहेरगावी जातो. या हिवाळ्यात बसमध्ये एकानं त्याला "ए चिनी, सरक" म्हटलं. ज्यांनी घर हिरावलं त्यांच्याच नावानं हाक! पोरगं घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोललं नाही.

पुढच्या वर्षी एवढंच छापा: '१९१३ : तेराव्या दलाई लामांनी तिबेट स्वतंत्र असल्याचे जाहीर केले.' कात्रण मी स्वतः मावशींना नेऊन देईन. त्यांना मराठी वाचता येत नाही, नातू वाचून दाखवेल.

– एक धान उत्पादक शेतकरी,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया