कचेरीची भिंत बाराही महिने मोकळी ठेवा : बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी,
बेळगाव

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीतून लिहितो आहे. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. शिवाय कचेऱ्यांच्या भिंतींवर लटकणाऱ्या पक्षचिन्हांबद्दलचे हे गाऱ्हाणे मुळात माझ्या मावशीचे आहे आणि तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही.

मावशीने सत्तरी ओलांडली आहे. खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावात ती एकटी राहते. संध्या सुरक्षा योजनेचे पैसे, तिच्या भाषेत 'म्हातारपणाचा पगार', मध्येच यायचे थांबले, म्हणून मी तिला घेऊन कचेरीत गेलो. कोणत्या कचेरीत ते लिहीत नाही. एका कारकुनाला नोटीस निघावी म्हणून हे पत्र नाही, आणि त्या कारकुनाने आमचे काम नीटच केले.

दारापाशी आलो तशी मावशी थबकली. खिडकीतून आतली भिंत दिसत होती. टेबलाच्या बरोबर वर एका पुढाऱ्याच्या फोटोचे मोठे कॅलेंडर, खाली ठसठशीत पक्षाचे चिन्ह. शेजारी भिंतीवरचे घड्याळ, त्याच्या तबकडीतही तोच चेहरा. मावशीच्या हातात कापडी पिशवी होती, निवडणुकीच्या वेळी गल्लीत वाटलेली, दुसऱ्या पक्षाचे चिन्ह छापलेली. पिशवीत आधार कार्ड, बँकेचे पासबुक, रेशन कार्ड आणि वाटेत खायला बांधून घेतलेली भाकरी. तिने ते सगळे बाहेर काढून माझ्या हातात दिले, पिशवी उलटी केली, चिन्ह आतल्या बाजूला गेले याची खात्री केली आणि सगळे परत भरले. मग हळूच म्हणाली, "आत कुणाचं म्हणून इचारलं तर काय सांगू गा?"

तिला कोणी काही विचारले नाही. पण तिने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

साहेब, सीमाभागातल्या कचेरीत शिरणाऱ्या मराठी माणसाची अवस्था आपल्याला ठाऊक असेल. दारावरची पाटी कन्नडमध्ये, अर्जाचा नमुना कन्नडमध्ये, भिंतीवरच्या सूचना कन्नडमध्ये. (भाषेचा प्रश्न मोठा आहे आणि त्याबद्दल आम्ही वेगळे लिहीत आलोच आहोत. कचेरीसमोरच्या लाल-पिवळ्या कन्नड ध्वजाचा वादही मी इथे आणत नाही, तो पक्षांचा वाद नव्हे.) मावशीला त्या खोलीतले एक अक्षर वाचता येत नव्हते. वाचता येत होते ते फक्त चित्र. आपल्या देशात निवडणूक चिन्हे आली तीच मुळी यासाठी. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. अक्षर न ओळखणाऱ्यालाही आपले मत कोणाला जाते ते कळावे म्हणून चिन्ह दिले गेले. शिकलेल्या माणसाची नजर त्या कॅलेंडरवरून घसरून पुढे जाते. मावशीसारखीला मात्र सरकारी खोलीत समजेल असे तेवढे एकच असते, आणि ते तिला सांगते की ही खोली अमक्यांची आहे.

महिन्याभरात पैसे पुन्हा सुरू झाले. मावशी म्हणाली, "फोटोतल्या बाबानं केलं, आता त्येलाच द्यायला होवं." मी तिला समजावले, ही योजना २००७ पासून आहे, तेव्हापासून राज्यात तिन्ही मोठ्या पक्षांची सरकारे येऊन गेली, पैसे कोणाच्या घरचे नाहीत. तिने मान हलवली, पण तिला पटले असे मला वाटत नाही. आधी भीती आणि मग उपकाराचे ओझे, दोन्ही एकाच भिंतीने तिच्यावर घातले.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळे काढायला काय लागते ते आपल्या कार्यालयाइतके दुसऱ्या कोणाला माहीत नाही. १६ मार्च २०२४ रोजी लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे सरकारी इमारतींतून असले साहित्य २४ तासांत, बसस्थानकासारख्या सार्वजनिक जागांतून ४८ तासांत उतरावे लागते. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत, बेंगळुरू सोडले तर राज्यात इतके कोणत्याच जिल्ह्यात नाहीत. एवढ्या पसाऱ्यातही कोनशिला झाकल्या गेल्या, फलक उतरले. मी पाहिलेल्या एका कचेरीत तर कॅलेंडर खाली न काढता त्यावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवला होता. ७ मे रोजी इथे मतदान झाले, ६ जूनला आचारसंहिता उठली. नंतर कधीतरी तो कागद निघाला. पुढाऱ्याच्या कपाळावर डिंकाचा पिवळा डाग तेवढा राहिला होता.

आचारसंहिता असताना तक्रारीसाठी सी-व्हिजिल ॲप असते. फोटो काढून पाठवला की १०० मिनिटांत दखल घ्यायची, असा आयोगाचा दंडक आहे. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराची खूणही चालत नाही. त्या दिवशी मावशीला कसलीच भीती नसते. पण मतदान तिला पाच वर्षांतून दोन-चारदा करायचे असते. दाखला, उतारा, रेशन, पगार यांसाठी ती कचेरीची पायरी वर्षभर चढते. तेव्हा तिने फोटो कोणाकडे पाठवायचा?

आचारसंहिता नसताना नियमच नाही, असे म्हणून मला एकदा वाटेला लावले गेले. ते खरे नाही. कर्नाटक राज्य नागरी सेवा (वर्तणूक) नियम २०२१ हे रोजचे नियम आहेत, निवडणुकीपुरते नाहीत. सरकारी नोकराने राजकीय पक्षाशी संबंध ठेवू नये, प्रचार करू नये, निवडणुकीत आपले वजन वापरू नये, हा त्यांचा गाभा आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या नियमांत तर पाचव्या नियमाखाली स्पष्टीकरणच आहे : अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह मिरवणे म्हणजे निवडणुकीत वजन वापरणे. स्वतःच्या घराच्या दारावर जे चालत नाही, ते कचेरीतल्या टेबलामागे कसे चालेल? जागा विद्रूप करण्याविरुद्धचा कर्नाटकाचा १९८१ चा कायदाही आहेच, पण तो बाहेरच्या भिंतींचा. आतल्या खिळ्यावर लटकणाऱ्या भेटवस्तूंचे काय, हे आपल्याला आदेशानेच सांगावे लागेल.

ग्रामपंचायतींचे तर वेगळे सांगायला हवे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. निवडून येणारा सदस्य कागदोपत्री कोणत्याच पक्षाचा नसतो. तरी पंचायतीच्या खोलीत पक्षाचे कॅलेंडर, पक्षाच्या खुर्च्या, पक्षाच्या नावाची पाण्याची टाकी मी पाहिली आहे. पंचायत ही गावातल्या माणसाची पहिली कचेरी. सुरुवात तिथूनच करावी.

हे मी एका पक्षाबद्दल लिहीत नाही. गेल्या दहा वर्षांत एकाच खिळ्यावर मी तीन वेगळी चिन्हे पाहिली आहेत. आमच्या माणसांनाही हेच लागू आहे. मराठी शाळेतल्या गुरुजींनी निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराचा भगवा शेला गळ्यात घालून वर्गात येणे मला तितकेच चुकीचे वाटते, आणि हे मी त्यांच्यापैकी एकाला समोरासमोर सांगितलेही आहे. ते आजही माझ्याशी बोलत नाहीत. गांधीजी, डॉ. आंबेडकर, बसवण्णा यांच्या तसबिरींना मात्र कोणी हात लावू नये. आयोगही राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी आचारसंहितेच्या काळात उतरवायला सांगत नाही. त्यांच्या फोटोखाली उभे राहताना मावशीला पिशवी उलटी करावी लागत नाही.

मागणी एवढीच आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक कचेरीसाठी, नाडकचेरीपासून (तालुक्याखालच्या महसूल कचेरीपासून) ग्रामपंचायतीपर्यंत, एक कायमचा आदेश काढा की पक्षाचे चिन्ह किंवा सक्रिय पुढाऱ्याचा फोटो असलेली कोणतीही भेटवस्तू, मग ते घड्याळ असो, कॅलेंडर असो की टेबलाच्या काचेखालचा स्टिकर, तिथे राहणार नाही. कचेरीला घड्याळ हवे असेल तर ते सरकारी खर्चाने घ्यावे, आठशे-हजारात चांगले मिळते. आदेशाची प्रत दारावर कन्नडबरोबर मराठीतही लावा, ठळक अक्षरात, आणि तक्रार कोणत्या नंबरावर करायची ते त्याखाली लिहा. आलेल्या माणसाच्या पिशवीवर, टोपीवर, गाडीवर काय आहे याकडे मात्र कोणी बघू नये. तो नागरिक आहे, नियम खुर्चीवर बसणाऱ्याला आहे. हे वाक्य आदेशात वेगळे घातले नाही तर तोच आदेश उद्या मावशीच्या पिशवीवर उलटेल, अशी मला काळजी वाटते.

पुढच्या महिन्यात मावशीला हयातीच्या दाखल्यासाठी पुन्हा त्याच कचेरीत न्यायचे आहे. ती पिशवी अजून तीच वापरते. आदेश निघाला तर त्याची एक प्रत कृपया मला पाठवावी, मी तिला वाचून दाखवीन.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातला एक मतदार